कंदुरीचा घास

बिरू,

तू गेल्यापासून मला दुपारची झोप लागायलीय. जन्मात कधी दुपारी पाठ टेकली न्हाई मी, तुला ठाऊक हाय. आता दोन भाकरी थापून झाल्या की कुडाला टेकते आन् डोळे आपसूक मिटतात. झोप म्हणावी तर झोप न्हाई. अंगणात कोंबडी उकरायलीय ते ऐकू येतं, आन् त्याच वक्ताला तू माळावरनं येताना दिसतोस. मेंढरं फुडं, तू मागं. मेंढरांचे पाय भुईला लागत न्हाईत. तू आधी लहान असतोस, मग मोठा होतोस, मग पुन्हा लहान. पण काही झालं तरी तुझ्या हातात ताटली असती आन् तू तोंडाकडं घास नेतोस. मी वरडते, "बिरू, खाऊ नको रे!" तू माझ्याकडं बघून हसतोस. मग मला जाग येती आन् ऊन उंबऱ्यावरनं आत आलेलं असतं.

काल तुझं तेरावं झालं. सगळी भावकी आलती. जो तो म्हणायला, सुटला बिचारा. सुटला म्हणं! दावणीला बांधला होता का कुणी? माझ्यापाशी बोलायला एकच गोष्ट होती आन् ती बोलायची छाती न्हवती. ह्याला रोगानं न्हाई, मी मारलं. माझ्या हातानं दिलेल्या एका घासानं मारलं. आठ महिने हे मी छातीवर घेऊन हिंडले. तुझं मडकं न्हेताना बी तेच मनात होतं.

आज सकाळी दर्ग्याचे मुजावर चाचा येऊन गेले. ते काय बोलले ते मी आधी सांगणार न्हाई. आधी तू माझं ऐक. जित्तेपणी कधी ऐकलं न्हाईस, जरा बोललं की मेंढरं घेऊन पसार. आता कुठं जातोस बघू.

तुला पहिल्यांदा दुखलं तवा तू बारा-तेरा वर्षांचा होतास. आई-आबा एकाच साथीत गेलते आन् मी कपाळ मोकळं घेऊन माहेरी आलते. घरात तू, मी आन् आबांनी मागं ठेवलेली मेंढरं. कुणाच्या तरी लग्नातनं जेवून आलास आन् अंगणातच गुडघ्यावर बसलास. बेंबीच्या वर, आत, पार पाठीपरेंत कुणीतरी खुटा ठोकायलंय म्हणलास. मला वाटलं लाडू जास्त हाणले असतील. ओवा दिला, हिंग लावला. तू घोंगडीची घडी पोटाखाली घेतलीस, गुडघे छातीशी घेतलेस आन् कपाळ भुईला टेकवलंस. तसाच दोन दिवस. उताणं केलं की किंचाळायचास.

मग जाणत्याला बोलावलं. त्यानं इळा तापवून पोटावर डागण्या दिल्या. मी तुझे हात धरून बसलते, त्यो वास अजून नाकातनं जात न्हाई. आन् तू काय म्हणलास? "अक्का, आतलं दुखणं तर हायेच, आता भाईरचं बी दुखायलंय." इतकं हसू आलं मला त्या रडण्यात, की जाणता चिडून उठून गेला.

तेव्हापासून ते दुखणं आपल्या घरातलं झालं. दोन महिन्यांनी यायचं, कधी सहा महिन्यांनी. मधी तू चांगला असायचास, माळावर शिट्ट्या मारत फिरायचास. लोक म्हणले पोरगं चोरून शिंदी पितंय, त्याशिवाय असलं पोट दुखत न्हाई. तू शिंदीचं मडकं कधी हुंगलं बी न्हाईस. पण एक सोयरीक जमत आलती ती तेवढ्यावर मोडली. मी त्या पोरीच्या आईच्या दारात जाऊन भांडून आले. तू म्हणलास, "बरं झालं अक्का. दोघींचं वरडणं मला झेपलं नसतं." त्या दिवशी तू जेवला न्हाईस. दुखत न्हवतं, तरी जेवला न्हाईस. मी बघितलं.

मुजावर चाचाची आन् तुझी दोस्ती बी त्या दुखण्यानंच झाली. टेकडीवरच्या दर्ग्यापाशी तू मेंढरं चारायला गेलतास आन् तिथंच कळ आली. तू घोंगडीवर कपाळ टेकून बसलास. चाचाला वाटलं, धनगराचं पोरगं नमाज पढायलंय. बिचारा बाजूला बसून राहिला, मधी बोलायचं न्हाई म्हणून. तू मान वर केलीस तवा म्हणला, "झाली का दुवा मागून?" तू म्हणलास, "दुवा न्हाई चाचा, पोट दुखायलंय." चाचा म्हणला, "दोन्हीला बसायची रीत एकच हाय बघ." हे तू मला किती बार सांगितलंस! दर बारी नवं असल्यासारखं.

मग ते मोठं दुखणं आलं, जवा ओकाऱ्या थांबेनात आन् तुझे डोळे पिवळे झाले. कुणीतरी सांगितलं, इंग्रजी हद्दीत मिशनचा दवाखाना हाय, तिथं न्हे. मला दवाखाना म्हणजे काय ते म्हाईत न्हवतं. गाडीत कडबा पसरला, त्यावर तू, आन् मी बैलांच्या कासऱ्यावर. मोगलाई सोडून मी कधी पलीकडं गेले न्हवते. मला वाटायचं इंग्रजाच्या हद्दीतली माती बी येगळी असंल. करोडगिरीच्या नाक्यावर, जिथं मालावर जकात घेतात, शिपायानं गाडी अडवली. "गाडी में क्या है?" मी कासरा आवळून धरला. तर घोंगडीखालनं तुझा आवाज आला, "दुखणं हाय जमादार. ह्याच्यावर करोडगिरी लागती का?" शिपायानं घोंगडी उचलून तुझं तोंड बघितलं आन् धावत जाऊन वाटेवरचा आडणा काढला. "जाव, जाव माय, जल्दी जाव." पलीकडली माती आपल्यासारखीच होती, काळी आन् भेगाळलेली.

दाक्तरीणबाई गोऱ्या, केस पांढरे, आन् मराठी बोलायच्या ती पोथीतल्यासारखी. तुझं पोट दाबून बघितलं, डागण्यांवरनं बोट फिरवलं आन् माझ्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडावर घेतला. म्हणल्या, "आजपासून याला काहीही खावयास देऊ नका." मी म्हणलं, "उपाशी मारता का माझ्या भावाला?" त्या रागावल्या न्हाईत. खाटेवर बसल्या आन् सांगितलं, की पोटाच्या मागं एक मांसाची पट्टी असती. तिच्यातनं रस येतो आन् त्यानं खाल्लेलं पचतं. तुमच्या भावाच्या पट्टीत खडे झालेत. रस वाट चुकून आतच तुंबतो आन् त्या पट्टीलाच पचवायला लागतो. तूप, चरबी पोटात गेली की रस जास्त सुटतो. पण कधी कधी काही न खाता बी येईल. का येईल ते आम्हाला बी सांगता येत न्हाई.

मला त्यातलं निम्मं कळलं न्हाई. तू मात्र डोळे उघडून म्हणलास, "मी बघितलीय ती, बाई. मेंढीच्या पोटात असती. फिकट, मऊ, आतड्याच्या वळणात निजलेली." बाई तुझ्याकडं बघतच राहिल्या. तेव्हापासून रोज तुझ्या खाटेपाशी त्यांचा जास्तीचा येळ जायचा. मेंढरांचे रोग तू सांगायचास, माणसांचे त्या.

पाच दिवस तुझ्या पोटात पाण्याच्या चमच्याबिगर काही गेलं न्हाई. दंडात सुई द्यायच्या, कधी अफूचे काळे थेंब द्यायच्या, मग तू तरंगायला लागायचास. दुपारी सगळा दवाखाना निपचित असायचा. चुन्यानं रंगवलेल्या भितीवर उजेड पडायचा. तू म्हणायचास, "अक्का, भितीवरनं मेंढरं चाललीत. पांढऱ्या भितीवर पांढरी मेंढरं, कुणाला दिसणार? एक लंगडं मागं राहिलंय, थांब, घेऊन येतो." आन् निजायचास. मी त्या भितीकडं बघत बसायचे. खरं सांगू? मला बी दिसलं. लंगडत लंगडत चाललंतं, आन् त्याच्यामागं तू. त्या दुपारी मला वाटलं तू आता माघारी येत न्हाईस. मी तुझा अंगठा धरून बसले, मूठभर उजेड धरावा तशी. संध्याकाळी तू पाणी मागितलंस.

सहाव्या दिवशी बाईंनी पेजेचं वरचं पाणी द्यायला सांगितलं. दवाखान्याच्या मागं लिंबाखाली नातलगांच्या चुली असायच्या. मी मूठभर तांदूळ रटरटवला, वरचं पाणी निवळून घेतलं. मीठ न्हाई, काही न्हाई. तू ते किती येळ तोंडात धरलंस. म्हणलास, "अक्का, हे गोड हाय ग." मी लिंबामागं जाऊन रडले. तिथं आणखी एक बाई रडत होती, तिचा नवरा गेलता. तिनं मला इचारलं, तुझं कोण गेलं? मी म्हणलं, गेलं न्हाई, माझ्या भावानं पेज घेतली. तीच मला उराशी धरून बसली.

जे कधी बोलले न्हाई ते आता बोलते. दवाखान्यातले ते दिवस माझ्या जन्मातले सुखाचे दिवस होते. तू दुखण्यातनं उठायलास, रोज एक घोट जास्त, मग मऊ भात, मग लोणी काढलेलं ताक. मला पाणी आणायला लांब जायचं न्हवतं, कुणाची बोलणी खायची न्हवती. आन् नर्सबाई बसल्या जागी आपल्या दोघांना पाटीवर अक्षरं शिकवायच्या. तू आधी शिकलास. मी मागं पडले की मला चिडवायचास, "अक्का, तुझा 'क' पार गाभण दिसायलाय." माझा भाऊ मरणाच्या दारातनं येऊन मला हसायलाय, आन् मी हातात पाटी घेऊन बसलेय. माझ्यासारख्या बाईला कोण देणार होतं असलं काही? तुझ्या दुखण्यानं दिलं. हे बोलायची लाज वाटायची. तू घायाळ व्हायचास आन् मला गाडी जुंपताना काळजाच्या एका कोपऱ्यात बरं वाटायचं, की आता लिंबाखालची चूल, आता पाटी. माफ कर बाबा. न्हाई तर नको करू, पण ऐकून घे.

घरी आलो की भावकीतल्या बाया तुपाच्या वाट्या घेऊन यायच्या. दुखण्यातनं उठलेल्या माणसाला तूप चारायचं न्हाई म्हणजे काय? तू वाटी घ्यायचास, आशीर्वाद घ्यायचास आन् त्यांची पाठ फिरली की मला द्यायचास. पहिल्या वर्षी तर मीच तुझ्या भातात चोरून चमचाभर घातलं. काय करू? बरगड्या दिसायच्या तुझ्या. आठ दिवसांत पुन्हा गाडी जुंपावी लागली. नाक्यावरचा तोच शिपाई. दवाखान्यात तू मला म्हणलास, "भात ओळखीचा लागंना तवाच मला कळलतं ग." कळलतं तर खाल्लास कावून? म्हणलास, "तू इतक्या मायेनं बघत होतीस." असला तू.

मग मी शिकले. भाकरी पाण्यात कुस्करून, डाळीचं वरचं पाणी, बिनतुपाचा भात. थोडं थोडं, दिवसातनं पाच बारी. तुला लई तहान लागायला लागली, तू लघवीला बसून उठायचास त्या जागी मुंग्या यायच्या, तवा बाई म्हणल्या आता गूळ बी बंद. तू म्हणलास, "बाई, खायचं काय राहिलं ते एकदा सांगून टाका, पाठ करतो." चांगल्या दिवसात तू इतका चांगला असायचास की मला वाटायचं गेलं ते आता. तुला तसं कधी वाटलं न्हाई. माळावर बसून तू आकाशाकडं बघत राहायचास, तासन् तास. मी इचारलं, काय बघतोस? म्हणलास, "दुखत न्हाई ते बघतो." मला तवा कळलं न्हाई. आता दुपारच्या झोपेत थोडं थोडं कळायलंय.

तिसऱ्या बारीला बाईंनी मला बाजूला बोलावून सांगितलं, ह्या बारीला सांगता येत न्हाई. मी लिंबाखाली आले. आपली टेकडी कुठल्या अंगाला असंल त्याचा अदमास घेतला, तिकडं तोंड केलं आन् पदर पसरला. "पीरबाबा, ह्याला माघारी घेऊन जाऊ दे. बोकड देऊन कंदुरी करीन, गावाला जेऊ घालीन." इथं थांबायचं ना? सगळं गाव कंदुरी बोलतं, बोकड कबूल करतं आन् गप बसतं. मी न्हाई थांबले. मला वाटलं एवढा मोठा जीव मागायलेय तर आणखी काही टाकावं. "आन् पहिला घास ह्याच्याच तोंडात घालीन." कुणी मागितलाता तो घास? कुणी न्हाई. माझ्या तोंडातनं गेला.

तू उठलास. आठव्या दिवशी मऊ भात खाल्लास. मग मला त्या घासाचं सांगावं लागलं.

दोन वर्षं भांडलो आपण त्या घासावरनं. तू म्हणायचास, "नवस तू बोललीस, मग घास माझ्या पोटात कावून?" मी म्हणायचे, तोंडानं बोललेलं फिरवता येत न्हाई. तू म्हणायचास, बोकड दे, शंभर जणांना जेऊ घाल, मी भांडी घासतो. मी म्हणायचे, पीराला लबाडी चालत न्हाई. तू मला दाक्तरीणबाईचं सांगायचास, मी तुला पीराचं. चाचाकडं बी गेलो आपण निवाडा मागायला, आठवतं? चाचा म्हणला, "अक्का, घास पीरानं मागितला न्हाई, तूच देऊ केलास. भुकेल्याच्या पोटात गेला की पीराला पोचला." मी चाचावर बी चिडले. म्हणलं, तुमी मुजावर असून असं बोलता!

खरं काय होतं ते सांगू? मला पीराचं भ्या न्हवतं वाटत. मला त्याचा आधार वाटायचा. बाईंनी तर सरळ सांगितलंतं, की कधी येईल, का येईल, ठाऊक न्हाई. मग मी कशाला धरून उठायचं सकाळी? पीराशी माझं बोलणं झालंतं. मी दिलेला शब्द पाळला की तो त्याचा पाळणार. तेवढंच एक माझ्या हातात होतं, बिरू.

मग माघात तुला पुन्हा कळ आली. फार न्हाई, दोन दिवसांत थांबली. मी म्हणलं, बघ, पीर आठवण द्यायलाय. तू घोंगडीवर पडूनच माझ्याकडं बघितलंस. मग म्हणलास, "बरं. कर तुझी कंदुरी."

सुगी झाल्यावर केली. टेकडीवर सकाळपासून चुली पेटल्या. बोकड तूच निवडलास, तूच त्याला चारा घातलास आन् मग दर्ग्याच्या मागं जाऊन बसलास. मी सगळी चरबी हातानं काढली. रश्श्यावरचा तवंग पळीनं काढून काढून टाकला. बायका हसायला लागल्या, म्हणल्या कंदुरी हाय का एकादशी? मी काळजाचा एक मऊ तुकडा बाजूला काढला, त्यात चरबी नसती म्हणून. भाकरीचा पापुद्रा घेतला, त्यात तो तुकडा. एवढासा घास. ऊद जळत होता, चाचानं फातेहा दिली, आन् मी ताटली घेऊन तुझ्यापाशी आले.

भरवायचं म्हणलं तर तू म्हणलास, "मी काय कुक्कुलं बाळ हाय का? दे इकडं." ताटली घेतलीस. म्हणलास, "पाणी आण ना अक्का, घास अडकला तर?" मी रांजणापाशी गेले. आले तर ताटली मोकळी आन् तू तोंड पुसायलास. चाचा शेजारीच बसलते. तू म्हणलास, "झालं. फिटला तुझा नवस." मी तिथंच भुईला डोकं टेकवलं. कंदुरीचं घरी न्यायचं नसतं, सगळं तिथंच संपलं. उतरताना मला टेकडी लागली न्हाई, इतकी मी हलकी झालते.

चौथ्या दिवशी तू घोंगडीची घडी पोटाखाली घेतलीस.

तसली कळ आधी कधी आलती न्हाई. गाडी जुंपली. नाका आला, गेला, मला आठवत न्हाई. बाईंनी इचारलं, काय खाल्लं होतं? मी सांगितलं. तू खाटेवरनं बघत होतास. बाई म्हणल्या, "एवढ्याशाने होईलच असे नाही. हा आजार कशानेही उसळतो, आणि कशानेही नाही." मी ऐकलं न्हाई ते. मला वाटलं बाई दया करायल्यात. त्या बारीला तू पंधरा दिवसांनी पेज घेतलीस. मी करून आणली, तू घेतलीस, पण गोड हाय म्हणला न्हाईस. नर्सबाईंनी पाटी आणली, मी हातात धरली न्हाई.

घरी आलास तो परत भरलाच न्हाईस. पायाच्या काड्या झाल्या. मेंढरं दुसऱ्याच्या स्वाधीन केली. अंगणात बाजेवर पडून तू त्यांच्या येण्याची वाट बघायचास. मी किती बारी म्हणलं तुला, "बिरू, माझ्या हातानं झालं रे हे." आन् दर बारी तू एकच म्हणायचास, "घास चांगला होता अक्का." एवढंच. न्हाई पण म्हणला न्हाईस, होय पण म्हणला न्हाईस. मला वाटायचं तू माफ करायलास, आन् तुझ्या माफीनं मी आणखी जळायचे. तेव्हापासून मला अन्न जाईना. भाकरीचा तुकडा मोडला की हात थांबायचा. आधी मनात तुझी माफी मागायची, मग घास गिळायचा, तो बी पाण्याबरोबर. रोज. दोन्ही येळा.

दिवाळीच्या तोंडावर, दुपारची येळ होती. मेंढरं माळावरनं उतरायलती. तू म्हणलास, "आज दुखत न्हाई." मी म्हणलं, खरंच? तू मान हलवलीस आन् आकाशाकडं बघितलंस, माळावर बघायचास तसं. मी पाणी आणायला आत गेले. आले तवा तू तसाच बघत होतास, पण बघत न्हवतास.

हे सगळं मनात घेऊन आज सकाळी मी उंबऱ्यावर बसलते. चाचा काठी टेकत आले. तेराव्याला आले न्हवते, गुडघे धरलेत त्यांचे. बसले, पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणले, "अक्का, एक अमानत हाय माझ्यापाशी. बिरूनं सांगितलंतं, मी गेल्यावर अक्काला द्या." मला वाटलं तुझा चाकू असंल.

चाचा म्हणले, "त्यो कंदुरीचा घास मी खाल्ला, अक्का."

मला कळंना. मी म्हणलं, कुठला घास?

"तू पाण्याला गेलीस. त्यानं ताटली माझ्याकडं केली. म्हणला, चाचा, तुमी म्हणलता भुकेल्याच्या पोटात गेला की पीराला पोचतो. तुमाला भूक हाय का? मी म्हणलं, हौ, हाय. घास माझ्या पोटात गेला. त्यानं नुसतं तोंड पुसलं."

कोंबडी अंगणात उकरायलती. मी तिच्याकडंच बघत राहिले. मग माझं टाळकं सरकलं. मी चाचाला वाटंल ते बोलले. म्हणलं, आठ महिने! आठ महिने मी माझ्या भावाची मारेकरीण म्हणून जगले आन् तुमी दोघं गप बसलात? तुमाला काळीज हाय का न्हाई?

चाचानं ऐकून घेतलं. मग म्हणले, "मी बी त्याला हेच बोललो, बाजेपाशी बसून. सांगून टाक म्हणलं. तर म्हणला, चाचा, घास खाल्ला न्हाई म्हणून सांगितलं, तर तिला वाटंल पीर कोपला, म्हणून मी मरायलोय. मग ती कुणाकडं पदर पसरंल? आत्ता ती सोताला बोल लावती, ते मला बघवत न्हाई, पण रोज टेकडीकडं बघून हात तरी जोडती. मी हाय तोवर तिला पीर लागणार. मी गेलो की तिला मागायला काही उरायचं न्हाई, भ्यायला बी न्हाई. मग सांगा. आन् दाक्तरीणबाई म्हणली ते खरं होतं म्हणावं. ते आपलं आपण आलतं."

चाचा गेले.

लबाडा! पीराच्या दारात बसून मला फसवलंस. पाण्याला धाडलंस मला, घास अडकंल म्हणून! मी घरभर फिरून तुला शिव्या घातल्या, बिरू. तुझी घोंगडी दोन बारी आपटली. माझ्यासाठी काय ठेवायचं आन् काय काढून घ्यायचं, हे तू कोण ठरवणार? मला इचारायचंस. बरोबर बसून आपण भ्यालो असतो. हे भांडण मी सोडणार न्हाई तुझ्याशी, वर आले की पहिलं हेच काढीन.

मग बसले आन् तुझं सगळं दुखणं एकदा पहिल्यापासून डोळ्यापुढनं जाऊ दिलं. लग्नातल्या लाडवापासून शेवटच्या दुपारपरेंत. त्यात कुठं पीर न्हवता आन् कुठं मी न्हवते. चमचाभर तूप सोडलं तर. ते मी कबूल करते. बाकी नुसतं दुखणं होतं, आलं आन् गेलं, आन् एका बारीला जाताना तुला घेऊन गेलं. त्याला कारण न्हवतं, हे किती साधं हाय, आन् आठ महिने माझ्या मानेवर काय बसलंतं!

ऊन कलायला आलं तवा मला भूक लागली. पोटात खड्डा पडल्यावानी भूक. चूल पेटवली, भाकरी टाकली, कांदा फोडला. तुकडा मोडला आन् सवयीनं हात थांबला. थोडा येळ तसाच ठेवला मी हात.

मग घास तोंडात घातला. तुझी माफी मागितली न्हाई.